डबा घेऊन आलेली पन्नास माणसं

चोरीचा खटला असो की पैशांचा वाद, दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला की संध्याकाळी मन बऱ्यापैकी शांत असायचं, असं सिॲटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप सांगत. आपल्याकडून होईल तेवढं केलं, आता या निकालाचं ओझं घेऊन जगता येईल, असं वाटायचं. मुलांच्या खटल्यांचं तसं नव्हतं. चार वाजता कोर्ट उठलं तरी ती मुलं डोक्यातून उठत नसत. मला सगळं कळलं होतं का? कुणी काही सांगायचं राहिलं का? मी जे ठरवलं ते बरोबर होतं का? हे प्रश्न त्यांच्याबरोबर घरापर्यंत जात.

साल १९७६. वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या बालन्यायालयात सूकप यांच्यापुढे येणारी ही मुलं गुन्हेगार नव्हती. घरात मार खाल्लेली, उपाशी ठेवलेली, दिवसेंदिवस एकटी सोडलेली, कधी याहून वाईट काही सोसलेली. आपल्याकडे अशी प्रकरणं बालकल्याण समितीपुढे जातात. तिकडे ती थेट न्यायाधीशापुढे येतात आणि त्याने दिलेल्या हुकमाने मुलाचं सगळं आयुष्य वळण घेतं. मूल आईकडे परत पाठवायचं, आजीकडे द्यायचं, अनोळखी पालक कुटुंबात ठेवायचं, की आईबापांचा हक्कच कायमचा तोडून दत्तक द्यायचं? या सुनावणीला राज्य सरकारचा वकील हजर असे, आईचा असे, बाप वेगळा राहत असेल तर त्याचाही असे. बालसंरक्षण खात्याचा कार्यकर्ता आपला अहवाल घेऊन उभा असे. पण तो कितीही प्रामाणिक असला तरी खात्याचा माणूस. त्याच्या हाताखाली अशी डझनावारी मुलं, आणि कुठल्या पालक कुटुंबात जागा रिकामी आहे याचा हिशेबही त्यानेच ठेवायचा. फक्त त्या एका मुलापुरता विचार करून बोलणारं त्या खोलीत कुणीच नव्हतं. सूकप यांच्यापुढे तीन वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण आलं तेव्हा ही उणीव त्यांना फारच बोचली.

कायद्याने ही उणीव ओळखली होती, पण अर्धवट. सिनेटर वॉल्टर माँडेल यांनी नेटाने पुढे रेटलेल्या बालछळ प्रतिबंधक कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ३१ जानेवारी १९७४ रोजी सही केली होती. केंद्राचा पैसा हवा असेल तर छळाचं प्रकरण कोर्टात गेल्यावर राज्याने प्रत्येक मुलासाठी ‘गार्डियन ॲड लायटम’, म्हणजे त्या खटल्यापुरता पालक, नेमलाच पाहिजे, अशी त्यात अट होती. तो पालक वकील असावा की आणखी कुणी, त्याला पैसे द्यायचे की नाही, त्याने नेमकं काय करायचं, याबद्दल कायदा गप्प होता. बहुतेक कोर्टांनी सोपी वाट धरली आणि एखाद्या वकिलाचं नाव कागदावर घातलं. अशा वकिलाची आणि मुलाची पहिली भेट सुनावणीआधी कोर्टाच्या बोळात, पाच-दहा मिनिटांची, असा अनुभव अनेक राज्यांतून पुढे आलेला आहे.

मुलाच्या बाजूने बाहेरच्या कुणीतरी उभं राहायचं, ही कल्पना मात्र नवी नव्हती. तिची पहिली गाजलेली नायिका त्याच्या शंभर वर्षं आधी न्यूयॉर्कच्या चाळींतून हिंडणारी एक मेथडिस्ट सेविका होती, एटा व्हीलर. १८७३-७४च्या हिवाळ्यात एका भाडेकरू बाईकडून तिच्या कानावर आलं, की जवळच्या खोलीत एका लहान मुलीला कोंडून रोज मारतात. व्हीलर काहीतरी निमित्त काढून त्या घरात शिरली. तिला नऊ-दहा वर्षांची मेरी एलन दिसली: अनवाणी, फाटक्या कपड्यांत, अंगावर चाबकाचे वळ. व्हीलरने पोलिसांकडे, धर्मादाय संस्थांकडे, सगळीकडे खेटे घातले. पुराव्याशिवाय आम्ही काय करणार, हे उत्तर तिला सगळीकडे मिळालं. शेवटी ती प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचे संस्थापक हेन्री बर्ग यांच्याकडे गेली.

त्या मुलीला ‘प्राणी’ ठरवून प्राण्यांच्या कायद्याखाली सोडवलं, ही कथा अजूनही भाषणांतून सांगितली जाते. ऐकायला चटकदार आहे, पण खरी नाही. बर्ग यांनी हे काम खासगी नागरिक म्हणून अंगावर घेतलं, आणि त्यांचे वकील एल्ब्रिज गेरी यांनी बेकायदा अटकावातून माणसाला सोडवण्याच्या जुन्या कायद्यातलं एक कलम शोधून हुकूम मिळवला. एप्रिल १८७४ मध्ये मेरी एलनला घोड्यावर घालायच्या जाड कांबळ्यात गुंडाळून न्यायाधीश अब्राहम लॉरेन्स यांच्यापुढे आणलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कात्रीने झालेली ताजी जखम होती. तिला सांभाळणाऱ्या मेरी कॉनली या बाईला एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

इतिहास सांगणारे बहुतेक इथेच थांबतात. पण या लेखाच्या दृष्टीने खरी गोष्ट यानंतरची आहे. कोर्टाने मुलीला एका अनाथाश्रमात धाडलं आणि आपलं काम झालं असं मानलं. व्हीलर तिथेही गेली. तिथल्या मुली मेरी एलनपेक्षा मोठ्या होत्या, आणि हे ठिकाण या मुलीसाठी नव्हे, असं तिला वाटलं. तिने बर्ग यांच्यामार्फत न्यायाधीशांना पुन्हा गाठलं आणि मुलगी रॉचेस्टरजवळ राहणाऱ्या आपल्या आईकडे मागून घेतली. ती आई गेल्यावर व्हीलरच्या बहिणीने मेरी एलनला वाढवलं. मेरी एलनने पुढे लग्न केलं, एका मुलीचं नाव एटा ठेवलं आणि नव्वदी ओलांडून १९५६ मध्ये ती वारली. हुकूम झाल्यावरही मागे लागून राहणं, कागदावर संपलेलं प्रकरण आपल्यापुरतं संपू न देणं, हे जे व्हीलरने केलं त्यालाच शंभर वर्षांनी सिॲटलमध्ये रीतसर रूप मिळालं.

त्या खटल्यानंतर गेरी आणि बर्ग यांनी न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या संरक्षणासाठी संस्था काढली. जगातली अशी पहिली संस्था म्हणून तिचा उल्लेख होतो. ती फोफावली आणि लवकरच गरीब वस्त्यांमध्ये ‘गेरी सोसायटी’ या नावाने तिचा धाकही बसला. मुलांना सोडवायला येणारी माणसं सुखवस्तू, इंग्रजी बोलणारी. ज्यांच्या दारात ती येत ते बहुधा नुकतेच बोटीतून उतरलेले इटालियन किंवा आयरिश. गरिबी कुठे संपते आणि हयगय कुठे सुरू होते, हे ठरवणारा माणूस त्या घरातला कधीच नसे. हा धागा पुढे पुन्हा लागणार आहे.

मधल्या काळात फारसं काही घडलं नाही. १८९९ मध्ये शिकागोत पहिलं बालन्यायालय सुरू झालं, न्यायाधीशाने तिथे बापासारखं वागावं अशी कल्पना होती आणि त्यामुळे वकिलांची गरज कुणाला फारशी वाटली नाही. घरातल्या मारहाणीचा विषय तर जवळजवळ विस्मरणात गेला. तो परत आणला क्ष-किरणांनी. डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै १९६२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मार खाल्लेल्या मुलांवर निबंध छापला. त्यासाठी रुग्णालयांकडून माहिती मागवली होती. ७१ रुग्णालयांनी वर्षभरातली अशी ३०२ प्रकरणं कळवली. त्यांतली ३३ मुलं दगावली होती आणि ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. ‘पडला’, ‘पाळण्यातून घसरली’ या खुलाशांमागे वेगवेगळ्या वेळी मोडून जुळलेली हाडं दिसू लागली. पाचेक वर्षांत सगळ्या राज्यांनी कायदे करून अशी शंका आली तर कळवणं बंधनकारक केलं.

१९६७ मध्ये आणखी एक घटना घडली. ॲरिझोनातल्या जेरल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलाने शेजारणीला अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात डांबायचा हुकूम झाला होता. याच गुन्ह्याला मोठ्या माणसाला फार तर पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम रद्द केला आणि अशा मुलांना वकिलाचा हक्क दिला. यातून एक विचित्र स्थिती तयार झाली. काही केल्याचा आरोप असलेल्या मुलाला वकील मिळाला. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला मिळालाच पाहिजे असं मात्र कुणी म्हटलं नाही. इकडे तक्रारी वाढत होत्या, मुलं घरांतून काढली जात होती, आणि सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात देशभरात सुमारे पाच लाख मुलं पालक कुटुंबांत किंवा संस्थांत होती. वर्षानुवर्षं या घरातून त्या घरात फिरणारी. कोर्टाच्या यादीत दर काही महिन्यांनी त्यांचं नाव येई आणि पुढची तारीख पडे.

सूकप यांनी काढलेला उपाय इतका साधा होता, की तो आधी कुणाला कसा सुचला नाही याचंच नवल वाटतं. प्रत्येक मुलामागे वकील द्यायला काउंटीकडे पैसा नव्हता. पण मुलाबद्दल माहिती गोळा करायला वकीलच कशाला हवा? शाळेत जाऊन बाईंना विचारणं, डॉक्टरांना भेटणं, आजीच्या स्वयंपाकघरात तासभर बसणं, यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. लागतो तो वेळ. त्यांनी आपल्या कोर्टातल्या बेलिफाला सांगितलं, की शहरात ओळखीच्या काही लोकांना फोन कर, दुपारचा डबा घेऊन या म्हणावं, एका कल्पनेवर बोलू. चार-पाच जण आले तर पुष्कळ, असा त्यांचा अंदाज होता. आले पन्नास.

१ जानेवारी १९७७ रोजी कार्यक्रम सुरू झाला. कारमेन रे-बेटिनेस्की या त्याच्या पहिल्या संचालक होत्या. पहिल्या वर्षी ११० स्वयंसेवकांना शिकवून तयार केलं आणि ३७६ प्रकरणांतल्या ४९८ मुलांसाठी त्यांची नेमणूक झाली. एकेका स्वयंसेवकाकडे सरासरी चार-पाच मुलं आली, बरीचशी एकमेकांची भावंडं. खात्याच्या कार्यकर्त्याच्या तुलनेत हा भार काहीच नव्हता, आणि सगळी किमया त्यातच होती.

आज ही पद्धत बरीच आखीव झाली आहे. पुढे निघालेल्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासतात, त्याला कामाआधी ३० तासांचं आणि पुढे दरवर्षी १२ तासांचं प्रशिक्षण देतात, न्यायाधीशापुढे शपथ घ्यायला लावतात. एका वेळी एक, फार तर दोन प्रकरणं. फाइल वाचायची, मुलाला नियमित भेटायचं, आईबाप, नातेवाईक, शिक्षक, समुपदेशक या सगळ्यांशी बोलायचं आणि सुनावणीपूर्वी न्यायाधीशाला लेखी अहवाल द्यायचा. मुलाला स्वतःच्या घरी न्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, कायद्याचा सल्ला द्यायचा नाही. या अहवालांत मोठे शोध क्वचितच असतात. पोराला फळा दिसत नाही, त्याला चष्मा हवा आहे. दोन भावांना दोन टोकांच्या गावांत ठेवलंय, त्यांची भेट होत नाही. आईने व्यसनमुक्तीचं केंद्र गाठायचं तर दोन बस बदलाव्या लागतात आणि वेळ तिच्या नोकरीच्या आड येते. हे सगळं कुणाला तरी ठाऊक असतंच. न्यायाधीशाला मात्र ते एका जागी, एकाच माणसाकडून, क्वचितच ऐकायला मिळत असे. शिवाय खात्यातली माणसं बदलतात, वकील बदलतात. मोबदला नसलेला हा माणूस पुष्कळदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच राहतो.

सिॲटलची बातमी न्यायाधीशांमध्येच आधी पसरली, आणि म्हणूनच ती टिकली असं म्हणता येईल. ज्याच्या टेबलावर अहवाल पडतो त्यालाच त्याची किंमत कळते. १९७८ मध्ये राज्य न्यायालयांच्या राष्ट्रीय केंद्राने बालन्यायात नागरिकांनी भाग घेण्याचं देशातलं उत्तम उदाहरण म्हणून या कार्यक्रमाची निवड केली. एडना मॅककॉनेल क्लार्क फाउंडेशनने पैसा दिला आणि इतर राज्यांत शाखा फुटू लागल्या. गावोगावच्या कार्यक्रमांची मोट बांधायला १९८२ मध्ये राष्ट्रीय संघटना निघाली. ‘कोर्ट अपॉइंटेड स्पेशल ॲडव्होकेट’, थोडक्यात ‘कासा’, हे नाव आता रूढ झालं. सगळ्यांनी एकच साचा मात्र घेतला नाही. नॉर्थ कॅरोलायनाने १९८३ मध्ये कायदाच केला आणि स्वयंसेवकाबरोबर वकीलही द्यायचं ठरवलं. सूकप यांच्या योजनेतली सगळ्यात मोठी फट त्यांनी फार लवकर ओळखली, हे नॉर्थ कॅरोलायनाच्या श्रेयात नोंदवायला हवं.

रेगन यांच्या राजवटीला हे काम आवडणं स्वाभाविकच होतं. सरकारी खर्च कमी करून नागरिकांनी पुढे यावं, या त्यांच्या विचाराला यापेक्षा चांगला नमुना कुठला मिळणार? १९८५ मध्ये संघटनेला राष्ट्राध्यक्षांचा स्वयंसेवा पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने, वकिलाच्या जोडीने असे स्वयंसेवक नेमायला पाठिंबा दिला. ‘जोडीने’ हे महत्त्वाचं, कारण वकिलाऐवजी स्वयंसेवक ही कल्पना वकिलांच्या संघटनेला रुचणं शक्य नव्हतं. त्याच वर्षी कापा आल्फा थीटा या महिलांच्या जुन्या कॉलेज संघटनेने हे काम आपलं मानलं. १९९० मध्ये काँग्रेसने कायदा करून छळाची शिकार झालेल्या प्रत्येक गरजू मुलाला १ जानेवारी १९९५पर्यंत असा प्रतिनिधी मिळावा, असं ठरवलं. ती तारीख आली आणि गेली. आजही सगळ्या मुलांना पुरतील इतके स्वयंसेवक नाहीत. १९९६ मध्ये मूळ १९७४च्या कायद्यातली मोकळी जागा भरली गेली: खटल्यापुरता पालक वकील असू शकतो किंवा कोर्टाने नेमलेला स्वयंसेवक, असं त्यात स्पष्ट आलं. या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस ४९ राज्यांत मिळून नऊशेच्या वर कार्यक्रम होते आणि वर्षाकाठी दोन लाखांहून अधिक मुलांपर्यंत ते पोचत होते. सूकप स्वतःही न्यायासन सोडल्यावर या स्वयंसेवकांत सामील झाले.

इथपर्यंतची कहाणी निधी गोळा करण्याच्या भोजनसमारंभात सांगावी इतकी गुळगुळीत आहे. तिला खरखरीतपणा येतो तो एका साध्या प्रश्नाने: दुपारी दोन वाजता बिनपगारी कोर्टात जाऊन बसायला वेळ कुणाकडे असतो? ज्या वेळेच्या जोरावर ही चळवळ उभी राहिली, तो वेळ समाजात सारखा वाटलेला नाही. स्वयंसेवक बहुसंख्येने स्त्रिया, गोऱ्या, शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या राहिल्या. ज्यांची मुलं कोर्टात येतात ती कुटुंबं बहुतेक गरीब, आणि त्यांत कृष्णवर्णीय व मूलनिवासी कुटुंबांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त. सिॲटलचा कार्यक्रम वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा काँग्रेसपुढे एक पाहणी होती, की मूलनिवासी मुलांपैकी २५ ते ३५ टक्के मुलं आपल्या कुटुंबांपासून तोडली गेली आहेत. अनेकदा कारण इतकंच, की मूल आजीकडे किंवा मावशीकडे वाढत होतं आणि बाहेरच्या कार्यकर्त्याला ती हयगय वाटली. १९७८ चा इंडियन चाइल्ड वेल्फेअर कायदा त्यातून आला. गेरी सोसायटीची आठवण इथे येतेच.

आकडेही नेहमी अनुकूल निघाले नाहीत. राष्ट्रीय संघटनेनेच करवून घेतलेला कॅलिबर असोसिएट्सचा अहवाल २००४ मध्ये आला. स्वयंसेवक असलेल्या मुलांना सेवा जास्त मिळतात, पण ती घराबाहेर ठेवली जाण्याचं प्रमाणही जास्त, असं त्यात दिसलं. कृष्णवर्णीय मुलांच्या प्रकरणांना स्वयंसेवक कमी वेळ देतात, हेही त्यातच होतं. टेक्सासमधल्या अभ्यासातही, स्वयंसेवक असलेलं मूल आईबापांकडे परतण्याची शक्यता कमी आढळली. याला संघटनेचं उत्तर तयार होतं: न्यायाधीश अवघड प्रकरणंच आमच्याकडे देतात, मग निष्कर्ष वाईट दिसणारच. हे उत्तर खोटं नाही. कठीण आजाऱ्यांच्या वॉर्डात मृत्यू जास्त होतात म्हणून तिथल्या डॉक्टरांना दोष देता येत नाही. पण वेळेच्या फरकाला या उत्तरात जागा नाही.

२०१६ मध्ये ॲमी मुल्झर आणि टॅरा उर्स या दोन वकील स्त्रियांनी एका कायदाविषयक नियतकालिकात या व्यवस्थेवर थेट वर्णभेदाच्या अंगाने टीका केली. हेतू कितीही भला असला तरी, परक्या वस्तीतल्या आईचं घर बघून ‘मुलाचं हित’ ठरवायचा अधिकार तीस तासांच्या शिकवणीवर कसा मिळतो, हा त्यांचा सवाल होता. टीका बोचरी आहे आणि काही ठिकाणी एकांगीही वाटते. आजीच्या बाजूने खात्याशी भांडून मूल घरात राखणारे स्वयंसेवकही याच व्यवस्थेत असतात. तरीही या टीकेने एक गोष्ट चव्हाट्यावर आणली. स्वयंसेवक न्यायाधीशाला सांगतो ते त्याला मुलाच्या भल्याचं वाटतं ते. मुलाला काय हवं आहे, हे त्याहून वेगळं असू शकतं.

हा फरक कायद्यात उतरला तो नेमका वॉशिंग्टन राज्यात. २०२१ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ठरवलं, की आठ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या मुलाला प्रकरणाच्या सुरुवातीपासूनच स्वतःचा वकील मिळेल. त्याहून लहान मुलाला, आईबापांचा हक्क तोडण्याचा अर्ज झाला की मिळेल. अंमलबजावणी काउंटीमागून काउंटी अशी करायचं ठरलं. नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला की मला आईकडेच जायचंय, तर त्याचा वकील कोर्टात तेच मांडेल, त्याला स्वतःला काहीही वाटो. त्याच मुलाचा स्वयंसेवक उभा राहून, आईकडे अजून सहा महिने नको, असं सांगू शकतो. आठच्या खालच्या मुलांसाठी मात्र पहिले कित्येक महिने खटल्यापुरता पालक बहुधा अजूनही हा स्वयंसेवकच असतो, कारण तीन वर्षांचं मूल वकिलाला आपली बाजू काय सांगणार? त्याच्यासाठी कुणीतरी डॉक्टरांकडे, पाळणाघरात आणि आजीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसावंच लागतं.